पिवळ्या स्टोलवरचा तांबडा डाग

"मास्तर, तुमच्या कापडाला रक्त आलंय," आमच्या स्टोलची ऑर्डर देणाऱ्या नागपूरच्या देवयानी मॅडम फोनवर म्हणाल्या.

मी तेव्हा गोंदियात, माझ्या घराच्या गच्चीवर तंबाखू मळत होतो. चौतीस वर्षं मी मिलमध्ये डाइंग मास्टर होतो. डाइंग मास्टर म्हणजे कापड रंगवणाऱ्या खात्याचा प्रमुख. माझ्या हाताखालून इतकं कापड गेलंय की ते गोंदियापासून चंद्रापर्यंत अंथरलं असतं तरी दोन घड्या उशाला उरल्या असत्या. त्यात फिकं पडलेलं कापड मी पाहिलं, फाटलेलं पाहिलं, आणि एकदा उंदरांनी आत संसार थाटलेलं अख्खं ठाण पाहिलं. रक्त आलेलं कापड मात्र पाहिलं नव्हतं.

"व्हिडिओ लावा," मी म्हणालो.

मॅडमनी फोन बादलीवर धरला. साबणाच्या पाण्यात आमचा पिवळा स्टोल बुडवलेला होता. त्याच्या एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा लालभडक डाग होता. शेजारच्या बादलीत दुसरा स्टोल, त्यालाही तसाच, त्याच कोपऱ्यात.

"एक कोशाच्या रेशमाचा आहे, एक सुती," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही मी स्वतः धुतले. परिषदेला येणाऱ्या दोनशे डॉक्टरांच्या गळ्यात मी हे घालणार आहे मास्तर. डॉक्टर घरी जाऊन धुतील आणि त्यांना रक्त दिसेल. तुम्हीच लिहून दिलं होतंत ना, रंग पक्का म्हणून?"

लिहून दिलं होतं. रिटायर झाल्यावरही माझं लेटरहेड आहे, आणि त्यावर मी जे लिहितो ते जरा मोठ्या अक्षरात लिहितो. त्या कागदावर 'रंग पक्का' एवढ्यावर न थांबता मी 'कापड विरेल, रंग विरणार नाही' असंही लिहून गेलो होतो.

मॅडमनी आठ दिवस दिले. आठ दिवसांत कारण आणि उपाय, नाहीतर शंभर कोशाचे आणि शंभर सुती असे सगळे दोनशे स्टोल त्या घेणार नव्हत्या. माल निघायच्या दिवशी हे दोन नमुन्याला पुढे गेले होते, बाकीची खोकी पसंती येईपर्यंत गावातच थांबली होती.

आता हे स्टोल कोणाचे ते सांगतो. नवेगाव बांधाच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या तलावाच्या, पलीकडे जंगलाला लागून एक गाव आहे. तिथे चौदा बायांचा बचत गट पळसाच्या फुलांपासून कापड रंगवतो. त्यांना शिकवायला मी जातो. गटाची अध्यक्ष सुनंदाताई. रंगकामाची जागा म्हणजे ग्रामपंचायतीचं जुनं धानाचं गोदाम. सरपंचांनी ते एका बोलीवर दिलं होतं. ही पहिली मोठी ऑर्डर नीट गेली तर गोदाम गटाचं, नाहीतर नवं धान निघालं की त्यात पुन्हा धानाची पोती. सुनंदाताईनं त्या गोदामासाठी पंचायतीत इतके हेलपाटे घातले होते की पंचायतीच्या पायऱ्या झिजून एक पायरी कमी झाली. तेव्हा रंगाचं सोडा, गोदाम कोणाचं राहतं तो प्रश्न होता.

मॅडमनी दोन्ही स्टोल कुरिअरनं पाठवले. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडलं आणि पाहतो तर डाग नाही. कोशाचा पिवळाधमक, सुती पिवळा. दोन्ही मी उन्हाकडे धरून पाहिले, भिंगाखाली पाहिले, नाकाला लावून पाहिले. रक्त नाही, डाग नाही, काही नाही.

मला वाटलं, नागपूरची बाई आपल्याला बनवते आहे.

मग मी दोन्ही स्टोल रिठ्याच्या पाण्यात धुतले. झाडाच्या रंगाचं कापड रिठ्यानंच धुवावं, साबणानं नाही, हा माझा नियम आहे आणि गटालाही मी तो पहिल्या दिवसापासून शिकवलाय. तरी डाग नाही. मी मॅडमना फोन करून, जरा ताठ मानेनंच, सांगितलं की तुमच्या बादलीत काहीतरी असेल. मॅडम म्हणाल्या, "बादली नवी आहे." आणि फोन ठेवला.

दुपारी झोपून उठलो तर बायको मोरीतून हाक मारत होती. तिनं धुण्याबरोबर माझे दोन्ही स्टोल साबणाच्या पावडरीत भिजवले होते. बघतो तर काय, दोन्ही कोपऱ्यांत तेच. लाल.

"हळदीवानी दिसते," बायको म्हणाली. "हळदीच्या डागाले साबण लागला की असाच लाल होते."

मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो. तिला पाटावर बसवून समजावलं. हळद हा कच्चा रंग. कुठल्याही कापडाला लगेच धरते, आणि उन्हात टाकली की तितक्याच लगेच सोडून जाते. म्हणून गटाच्या पहिल्याच दिवशी मी गोदामातलं हळदीचं पोतं बाहेर काढायला लावलं होतं. त्या गोदामात मास्तर एकवेळ जोडे घालून शिरेल, हळदीला प्रवेश नाही. बायको म्हणाली, "मंग लाल कायनं झालं?" मी म्हणालो, "तेच शोधतोय." ती म्हणाली, "शोधा."

तोवर तिनं स्टोल साध्या पाण्यातून काढून वाळत टाकले होते. वाळल्यावर डाग पुन्हा गायब.

त्या रात्री मला झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. आली, पण स्वप्नात कापड माझ्याकडे पाहून हसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गावाला गेलो. बसमध्ये बसून डोक्यात सगळं मांडत होतो. इथे वाचकांना दोन शब्द समजावून सांगतो, कारण माझा गोंधळ कळायला ते लागतील.

झाडाचा रंग कापडावर आपल्या आपण बसत नाही. त्याला मध्ये कोणीतरी लागतो. आम्ही त्याला मॉर्डंट म्हणतो. सोयरीक जुळवणारा मामाच म्हणा ना. तुरटी हा सगळ्यात सज्जन मामा. आता कोसा म्हणजे किड्याच्या लाळेचा धागा. तो प्राण्याचा, म्हणून मायाळू. तुरटी दिली की रंगाला कवटाळून बसतो. सुती धागा झाडाचा. झाडाचा रंग झाडाच्याच धाग्याला सख्ख्या भावासारखा धरायला हवा, पण होतं उलटं, सुताला रंग नकोच असतो. म्हणून सुताला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटी, मग रंग. एवढं करूनही कोशावर पळस पाच वर्षं टिकेल तर सुतावर दोन. पॉलिस्टरची गोष्टच सोडा. पॉलिस्टरला मी एकदा पळसात तीन दिवस उकळलं होतं. पातेलं पिवळं झालं, चुलीच्या विटा पिवळ्या झाल्या, शेजारची शेळी पिवळी झाली. पॉलिस्टर पांढरं ते पांढरंच.

तर माझा गोंधळ असा होता. हा डाग पळसाच्या रंगाचा दोष असता तर कोशावर वेगळा दिसला असता आणि सुतावर वेगळा. एकावर गडद, एकावर फिका. पण डाग दोन्हीवर सारखा होता. सारखाच मोठा, सारखाच लाल, एकाच कोपऱ्यात. चौतीस वर्षांत मी असा रंग पाहिला नव्हता जो कोशाला आणि सुताला एका मापानं मोजतो. म्हणजे, पाहिला होता. पण त्याला मी गोदामाबाहेर काढलं होतं.

गोदामात पोचलो तेव्हा बाया उरलीसुरली फुलं निवडत होत्या. सुनंदाताईनं खुर्ची दिली. मी बसलो, घसा साफ केला, आणि पहिली चूक केली. विचारलं, "इथे पान-तंबाखू खाऊन कोणी पिचकारी मारतं का?"

सगळ्या बायांचे हात थांबले.

"मास्तर जी," सुनंदाताई म्हणाली, "इथं तंबाखू खानारा एकच मानूस हाये. अन् तो आता खुर्चीवर बसून हाये."

मी चुन्याची डबी खिशात ढकलली.

मग सुनंदाताईसमोर वही उघडून म्हणालो, कामाची प्रत्येक स्टेप सांगा. एकही गाळू नका. तिनं सांगितलं, बाकीच्यांनी भर घातली. कापड आणणं. सोड्यात उकळून त्याची पेज काढणं, म्हणजे नव्या कापडाला कारखान्यात दिलेली खळ काढून टाकणं. धुणं. सुती असेल तर हिरडा. मग तुरटी. फुलं उकळणं, गाळणं, कापड बुडवणं, काढणं, सावलीत वाळवणं, घडी घालणं. मी अकरा स्टेप मोजल्या. सगळ्या मीच शिकवलेल्या, एकही चुकलेली नव्हती.

"हळद वापरता का कुठे?" मी विचारलं. बायकोसाठी विचारलं म्हणा.

"नाई जी. तुमीच तं पोतं फेकून देलं. मी सोता उचलून नेलं घरी. वर्षभर भाजीत हरदच हरद."

त्यांनी खोटं सांगितलं नाही हे आधीच सांगून ठेवतो. मी विचारलं त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं.

मी प्रयोग सुरू केले. दोरीवर वाळत असलेलं पिवळं कापड घेतलं आणि साबणाच्या पावडरीत बुडवलं. पळसही साबणात जरा नारिंगीकडे झुकतो, तेवढा झुकला. पण डाग नाही. मग ऑर्डरच्या बंद खोक्यातला स्टोल काढून बुडवला. डाग. दुसरा काढला, डाग. तिसऱ्या खोक्यातून काढला, तोही डाग. प्रत्येक वेळी तोच कोपरा.

मी टाळी वाजवली. रंगात दोष नाही. दोरीपासून खोक्यापर्यंतच्या वाटेत दोष आहे. वाट किती लांब? दहा पावलं. दहा पावलांत मी चोर धरणार होतो.

घडी घालायचं काम सेवंताबाईंकडे होतं. सेवंताबाई गटातली सगळ्यात म्हातारी बाई, जंगलातून पळसाची फुलं वेचून आणणारी. वय त्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटतं बांधाचं पाणी आधी भरलं का सेवंताबाई आधी जन्मल्या यावर गावात वाद असावा. बोलायच्या कमी. मी खुर्ची त्यांच्या टेबलाशी नेली आणि डोळ्यात तेल घालून बसलो. उरलेल्या दिवसात त्यांनी वीस नव्या स्टोलच्या घड्या घातल्या. हात धुऊन आल्या, पुसले, घडी घातली, ठेवली. मी त्यांचे हात पाहिले, टेबल पाहिलं, टेबलावरचा कागद पाहिला. इस्त्री पालथी करून पाहिली. खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून साबणात टाकला. त्याचा लगदा झाला, दुसरं काही झालं नाही.

संध्याकाळी त्या वीसही स्टोलना मी साबणात बुडवलं. एकालाही डाग नाही.

आता मात्र माझं डोकं चालेना. तेच कापड, तीच फुलं, त्याच बाई, तीच घडी, तसंच खोकं. जुन्या खोक्यात डाग, नव्या खोक्यात नाही. माझ्या समोर केलं की नाही, माझ्या मागे केलं की आहे. म्हणजे दोष माझ्या नजरेला भितो की काय? मी वहीत तसं लिहिलंसुद्धा, मग खोडलं.

एक बाई हळूच म्हणाली, "मास्तर जी, कोनी करनी त नाई केली?" सुनंदाताईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती फुलांच्या टोपलीत जवळजवळ शिरली. सुनंदाताईचं घर बाबासाहेबांचं, तिला असलं बोलणं खपत नाही. पण मी खरं सांगतो, त्या घडीला करणी हे माझ्याकडे असलेल्या सगळ्या कारणांपेक्षा बरं कारण होतं.

पुढचे दोन दिवस असेच गेले. मी विहिरीचं पाणी बदललं, बोअरचं आणलं, मग बांधाचं आणलं. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असतं, त्यानं हिरडा काळवंडतो. काळा डाग आला असता तर मी नाचलो असतो. पण आला तो लाल, आणि तोही फक्त जुन्या खोक्यांत. एका सकाळी तर मी जुन्या खोक्यांवरची धूळ चाखून पाहिली. बायांनी ते पाहिलं. त्यानंतर माझ्यासाठी जेवणाच्या ताटात दोन भाज्या यायला लागल्या.

पाचव्या दिवशी मी हार मानली. सुनंदाताईला बाजूला घेऊन म्हणालो, मॅडमना सांगून टाकू. कारण सापडत नाही. सगळा माल पुन्हा रंगवायला कापडही नाही आणि फुलंही संपली, पळस आता पुढच्या फाल्गुनात फुलेल.

सुनंदाताईनं हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमी नाई जी हरले. मीच हरलो. चौदा जनीयले मी सांगतलं, घरचं सोडून या, हे आपलं व्हइल म्हनून. आता त्याईले काय सांगू?" आमच्या भागात बाया स्वतःविषयीही 'मी हरलो' असंच म्हणतात. पण ती ते म्हणाली तेव्हा ते माझंच वाक्य असल्यासारखं वाटलं.

मी पिशवी उचलली. एसटीची वेळ झाली होती. दाराशी सगळ्या बाया आल्या. इतके दिवस राहिलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून सुनंदाताईनं त्या वीस चांगल्या स्टोलमधला एक मला द्यायला काढला. बिनडागाचा, मीच साबणात धुऊन, वाळवून पास केलेला. माझ्या हाताशी नेता नेता सेवंताबाईंनी तो तिच्या हातातून घेतला. कमरेचा बटवा सोडला. आतून पत्र्याची डबी काढली, लिंबाएवढी. तिच्यात बोट घातलं आणि स्टोलच्या कोपऱ्याला टेकवलं. मग माझ्या हातात दिला.

पिवळ्यावर पिवळं. काही दिसलं नाही. मी "काय आहे" म्हणून अंगठ्यानं तिथे चोळलं. त्याच अंगठ्यानं, ज्यानं मी दारातच तंबाखूला चुना लावला होता.

कोपरा लाल झाला. माझ्या अंगठ्याखाली, माझ्या डोळ्यांदेखत, लालभडक.

बाया एक पाऊल मागे सरल्या. मी मात्र तिथेच, गोदामाच्या उंबऱ्यावर, बसलो.

"आजी," मी म्हणालो, "हे काय लावलंत?"

"काई नाई. हरद."

"सगळ्याच स्टोलना लावली?"

"मंग?" सेवंताबाई म्हणाल्या. "कोरं कापड घरातून तसंच धाडत नसतेत. निंगताना बोट लावा लागते."

निघताना. घडी घालताना नव्हे, खोक्यात ठेवताना नव्हे. ज्या दिवशी माल निघायचा म्हणून सगळी खोकी दाराशी आणली होती, त्या दिवशी सेवंताबाईंनी उंबऱ्याशी बसून दोनशेच्या दोनशे स्टोलना, लेकीची पाठवणी करावी तशी, हळदीचं बोट लावलं होतं. मी तीन दिवस समोर बसून पाहिलं ते नुसतं काम. निघायचं काही नव्हतंच, तर बोट कशाला लागेल?

"ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी सुनंदाताईला विचारलं.

ती माझ्याइतकीच थक्क होती. "तुमी काम इचारलं जी. हे का काम हाये? अन् गोदामात हरद नाई, हे खरंच होतं. आजीच्या कमरेले होती."

आता तुम्ही म्हणाल, हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते हे तर घराघरात माहीत असतं. माहीत असतं. मलाही होतं. माझ्या बायकोनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मी हळदीला गोदामातून काढून टाकलं होतं ना. एकदा मास्तरनं काढली म्हणजे ती निघाली, एवढा माझा माझ्यावर विश्वास.

मग कोडी सगळी सुटली. साबण खारा, म्हणजे अल्कलीचा, म्हणून लाल. साध्या पाण्यात खार निघून गेला की परत पिवळी, म्हणून डाग गायब. रिठा खारा नाही, म्हणून माझ्या हातून डाग कधी आलाच नाही. माझा नियमच चोराला लपवत होता. आणि हळद कोशाला, सुताला, माझ्या सदऱ्याला, कोणालाही मामाशिवाय सारखीच धरते, म्हणून डाग दोन्हीवर सारखा.

कारण सापडलं. उपाय राहिला, आणि दिवस उरले तीन.

हळद उन्हाला टिकत नाही. मी एसटी सोडली. दोनशे स्टोल बांधाच्या काठच्या पाळीवर ओळीनं मांडले. प्रत्येकाच्या अंगावर धानाचं रिकामं पोतं, फक्त तो एक कोपरा बाहेर. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं दोनशे माणसं झोपलीत आणि प्रत्येकाचा एक पाय उघडा आहे. बघायला इतकं गाव लोटलं की पाळ दोन बोटं खचली. सेवंताबाई बाजूला बसून होत्या. आपल्या बोटाचं काय होतंय ते पाहत होत्या. मला ते बघवेना, म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साबणात बुडवून पाहिलं. कोशावरचे डाग गेले होते. खालचा पळस जागच्या जागी, किंचित फिका, पण शोधणाऱ्यालाच दिसावा इतका. कोसा मायाळू, त्यानं पळसाला सोडलं नाही. सुती स्टोलवरची हळद गेली आणि जाताना शेजारच्या पळसालाही बरोबर घेऊन गेली. लालऐवजी आता पांढुरका चट्टा. शंभर सुती स्टोल, शंभर चट्टे.

मी डोक्याला हात लावला. एक डाग घालवून दुसरा आणला होता, आणि हा तर कुठल्याही पाण्यात दिसणारा.

या वेळी सुनंदाताईनं वाट काढली. गोदामाच्या मागे एक मडकं पडून होतं. त्यात गंजके खिळे आणि गूळ घालून मीच कधीतरी लोखंडाचं पाणी मुरत ठेवलं होतं आणि विसरलो होतो. त्याचा वास असा होता की त्या बाजूला म्हशी फिरकत नसत. सुनंदाताई म्हणाली, "सुताले हिरडा देला हाये ना जी? लोखंडाचं पानी देलं तं हिरडा कारा पडते, तुमीच सांगतलं."

मी सांगितलं होतं. रंग गेला तरी हिरडा धाग्यात बसलेलाच असतो, आणि चट्ट्यातही तो होताच. आम्ही शंभर सुती स्टोल त्या पाण्यातून काढले. पिवळ्याचा गडद मेंदी रंग झाला, आणि चट्टा त्यात असा मिसळला की तो कुठे होता ते मलाच सापडेना. साबणात दोनदा धुतला. ना लाल, ना पांढरा.

आठव्या दिवशी मी मॅडमकडे माल आणि रिपोर्ट घेऊन गेलो. रिपोर्ट मी मन लावून लिहिला होता. 'माल रवानगीच्या टप्प्यावर कुर्कुमा वर्गातील वनस्पतिजन्य द्रव्याचा स्थानिक संपर्क.' मॅडमनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे हळद?" त्या म्हणाल्या.

"हळद," मी म्हणालो.

मॅडमनी तिथेच बादली मागवली आणि दोन्ही प्रकारचे स्टोल आपल्या हातानं धुतले. त्यांनी सगळेच्या सगळे पिवळे मागितले होते, तेव्हा मेंदी रंग पाहून कपाळाला आठी घातली. मग तो गळ्यात घालून आरशात पाहिलं, आणि आठी गेली. दोनशे स्टोल घेतले. गोदाम गटाकडे राहिलं. सरपंचांनी दारावर पाटी लावायला स्वतः खिळे दिले. ते मी लोखंडाच्या पाण्यासाठी मागितले होते, पण असू दे.

सेवंताबाईंचं काय करायचं, ते मी सुनंदाताईवर सोडलं. तिनं बायांना विचारलं, कापडाऐवजी खोक्याला बोट लावलं तर चालेल का. सेवंताबाईंना ते पटलं नाही. "हर कापड येगळ्या घरी जानार," त्या म्हणाल्या. "खोकं तं एकाच घरी जाते." शेवटी ठरलं की प्रत्येक स्टोलला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते, त्या चिठ्ठीवर बोट लावायचं. चिठ्ठी कोणी साबणात धूत नाही. गोदामाच्या भिंतीवर अकरा स्टेप लिहिलेल्या आहेत. खाली सुनंदाताईनं खडूनं बारावी लिहिली.

यातून शिकायचं ते एवढंच. काम कसं करता असं विचारलं की लोक काम सांगतात. काम संपल्यावर हात आपोआप काय करतो, ते वेगळं विचारावं लागतं, आणि ते विचारण्याआधी घरच्या माणसाचं ऐकलेलं बरं. निरोपाला मिळालेला माझा तो स्टोल बायको दर आठवड्याला पावडरीत भिजवते, आणि कोपरा लाल झाला की मला मोरीत बोलावून दाखवते.

लेटरहेड मी अजून वापरतो. मजकूर तेवढा बदललाय. 'रंग पक्का. बोटाची हमी नाही.'